नळाला हात दिसेना

जोतिबाच्या डोंगरावर एका भक्तनिवासात मी आठ नळ बसवले होते. हात खाली धरला की पाणी येतं आणि हात काढला की थांबतं, त्या जातीचे. सुरू केले त्या दिवशी सगळ्यांत आधी एक म्हातारी आली. नळाला फिरवायला काही आहे का म्हणून तिनं वरून चाचपलं, मागून चाचपलं. काहीच सापडेना. मग देवासमोर उभं राहावं तसे तिनं हात जोडले, नळापुढं वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चांगभलं!"

पाणी आलं.

मागं रांगेत चाळीसेक माणसं होती. त्यांनी हे पाहिलं आणि पुढचा तासभर आठही नळांवर जयघोष चालला. हात जोडायचे, वाकायचं, चांगभलं म्हणायचं, पाणी घ्यायचं. मी पान्हा घेऊन कोपऱ्यात उभा. शेवटी न राहवून म्हातारीला गाठलं.

"आज्जी, काही म्हणायला लागत नाही. नुसता हात धरला तरी येतंय. आत उजेडाचं यंत्र आहे."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू बसिवलंस व्हय?"

"व्हय."

"मग तू तुज्या उजेडानं घे. मी माज्या देवाच्या नावानं घेतो. येतंय न्हवं? मग झालं की!"

मी पान्हा पिशवीत टाकला.

मी इकबाल मिस्त्री. घर शिवाजी पेठेत. सॅनिटरी सामानाच्या एका दुकानात बसवणी आणि दुरुस्तीचं काम उभा जन्म केलं. जवळचं बारीक दिसेनासं झालं तेव्हा थांबलो. वडीलही नळवालेच, पण त्यांची हयात पितळी तोट्यांचे वायसर बदलण्यात गेली. पहिला आपोआप नळ मी घरी आणून दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला पिळायला कान कुठाय? कान नसलेला नळ तुझं काय ऐकणार?"

हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांनी बजावलंय की यंत्र सोपं करून सांगा. सांगतो. नळाच्या मानेखाली नखाएवढी काळी काच असते. काचेमागं दोघं शेजारी बसलेले असतात, एक उजेड फेकणारा आणि एक झेलणारा. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा. फेकणारा सारखा खाली उजेडाची चिमूट टाकत राहतो. खाली काही नसेल तर ती बेसिनमध्ये पांगून जाते. हात आला की हातावर आपटून वर परतते. झेलणाऱ्याला पुरेसा उजेड मिळाला की आतली छोटी झडप टक् करून उघडते. उजेड यायचा थांबला की पुन्हा टक्, पाणी बंद. हे सगळं चार पेन्सिल सेलवर चालतं. हात गरम आहे की गार, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. काकडी धरली तरी पाणी येतं. मी धरून दाखवलीय.

आता 'पुरेसा उजेड' म्हणजे किती, हे कोण ठरवतो? नळ बसवणारा. आम्ही त्याला रेंज म्हणतो. वीतभर लांबून हात ओळखायचा की चार बोटांवरून, हे मिस्त्रीच्या हातात. सगळी गोम तिथं आहे, आणि माझी सगळ्यांत मोठी चूकही तिथंच झाली. पण ती पुढं.

लोकांना मात्र ह्यातलं काही पटत नाही. एका कॉलेजातून बोलावणं आलं की मुली हात धुवायला जाईनात, नळात कॅमेरा आहे म्हणतात. प्राचार्य बाई स्वतः दारात उभ्या. मी नळ खोलला, काचेमागचं सगळं टेबलावर मांडलं. मग एका मुलीला तिचा मोबाईल काढायला सांगितला आणि त्याच्या कॅमेऱ्यातून काचेकडं बघायला लावलं. बऱ्याच मोबाईलमध्ये तो उजेड जांभळट ठिपक्यासारखा लुकलुकताना दिसतो. तिनं पाहिलं आणि मैत्रिणींना म्हणाली, "ए, कॅमेरा आपल्याच हातात हाय गं. नळाकडं नुसता दिवा हाय." प्राचार्य बाई हसल्या. मग स्वतःचा मोबाईल काढून त्यांनीही खात्री करून घेतली.

कोडोलीचं प्रकरण जरा लांबलं. तिथल्या एका मंगल कार्यालयात नवरीकडच्या खोलीबाहेर मी नळ बसवला होता. बेसिन स्टीलचं, नवंकोरं, तोंड बघून भांग पाडावा असं. पंधरा दिवसांत कार्यालयाचे व्यवस्थापक तात्या ह्यांचा फोन. "मिस्त्री, नळाला काय तरी लागीर झालंय. कोण नसताना आपसूक सुरू हुतोय. कालच्या लग्नात नवरीची मावशी बघून किंचाळली. वरातीपेक्षा मोठा आवाज झाला."

मी म्हणालो, उद्या येतो. गेलो तर नळ थांबायचं नाव घेईना. पाणी सुटायचं, मिनिटभर वाहायचं, थांबायचं, पुन्हा सुटायचं. तात्या लांब उभे राहून बोलत होते.

"आधी दिवसातनं चारपाच बारी व्हायचं. काल संध्याकाळी मी उपाय केला, तवापासनं जास्तीच चवताळलाय."

"कसला उपाय?"

तात्यांनी बोटानं दाखवलं. नळाच्या मानेला लिंबू-मिरची बांधली होती. दोरा लांब, त्यामुळं लिंबू बरोबर काळ्या काचेसमोर लोंबत होतं. वारा आला की लिंबू डोलायचं, नळाला वाटायचं कुणी हात धुतंय. मी लिंबू सोडवलं. नळ गप्प झाला.

तात्यांचा चेहरा पडला. "म्हंजे लिंबवातच हुतं?"

"लिंबवाचं लिंबवात होतं, तात्या. आधीचं बेसिनमध्ये आहे." स्टील इतकं चकचकीत होतं की नळाचा उजेड त्यावर आपटून थेट परत यायचा. नळ स्वतःच्याच उजेडाला फसत होता. मी रेंज कमी केली. वीतभर होती, ती चार बोटांवर आणली. आता हात अगदी जवळ नेल्याशिवाय पाणी येईना आणि बेसिनच्या चमकेनं फसेना. तात्या खूश, मावशी निर्धास्त, आणि मी स्वतःवर खूश. कोल्हापुरात परत येताना मी ठरवूनच टाकलं की जिथं स्टीलचं बेसिन, तिथं चार बोटं. विचारच करायचा नाही.

माणूस असा विचार करायचं सोडतो ना, तिथंच घात होतो.

शिरोलीकडं एका फाउंड्रीचं काम आलं. म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. कामगारांच्या कॅन्टीनबाहेर स्टीलचं लांबलचक बेसिन आणि वर सहा आपोआप नळ. बाहेरगावचे बडे पाहुणे बघायला येणार होते म्हणून हा थाट. मी नळ बसवले, चार बोटांची रेंज लावली, स्वच्छ हात फिरवून सहाच्या सहा तपासले आणि आलो.

महिन्याभरात तक्रार आली. नळ चालत नाहीत. मी सकाळीच गेलो. मॅनेजर साहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात माझ्याबरोबर आले. मी एकेका नळाखाली हात धरला. टक्, टक्, टक्. पाच नळ झकास. सहावा मात्र कलला होता आणि त्याची काच तडकली होती.

"ही बघा आमच्या लोकांची अक्कल," साहेब म्हणाले. "चांगली वस्तू दिली तर हे करतात. मोल्डिंगमधला कांबळे. सगळ्यांसमोर बुक्की मारली. आणि वर म्हणतो नळ पाणी देत नाही."

मी फॉर्म काढला. पाहणी अहवाल. 'नळ सुस्थितीत आहेत. बिघाड वापरणाऱ्याच्या गैरवापरामुळे.' खाली झोकात सही. कांबळे कोण, कसा, त्याला काय म्हणायचंय, मी विचारलं नाही. मी नळाचा मिस्त्री, माणसांचा नाही, असं काहीसं डोक्यात असावं. त्या कागदाच्या जोरावर कांबळेला कामावरून घरी बसवलं गेलं. हे मला नंतर कळलं, आणि ज्यानं सांगितलं तो स्वतः कांबळेच होता.

चार दिवसांनी दुपारी तो दुकानात आला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यानं रुंद. यंत्रांच्या गोंगाटात जन्म गेल्यामुळं साधं बोलला तरी समोरचा दचकावा असा आवाज. दुकानात आमचे मालक अण्णा होते आणि टाइल्स बघायला आलेलं एक जोडपं.

"इकबाल मिस्त्री कोण?"

"मी."

"मी यशवंत कांबळे. तुमी ज्याच्यावर कागद लिवलाय त्यो."

अण्णांनी हळूच कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. पण कांबळे भांडायला आला नव्हता. त्यानं दुकानातल्या नमुन्याच्या नळाकडं बोट केलं. "ह्यो तसलाच न्हवं? चालू हाय?"

मी हात धरून दाखवला. पाणी आलं. त्यानं धरला. पाणी आलं.

"झ्याक," तो म्हणाला आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. आत काळी भुकटी होती, शिसपेन्सिलीचं शिसं कुटल्यासारखी. "साच्याला आतनं फासतो आमी ही. दिवसभर हात ह्यातच असत्यात. लावा."

"मी?"

"लावा की. इख न्हाय ती."

मी चिमूटभर घेतली. "आसं न्हाय," म्हणून त्यानं सगळी पुडी माझ्या तळहातांवर उपडी केली आणि वरून पाण्याचे दोन थेंब टाकून माझेच हात एकमेकांवर चोळायला लावले. कोपरापर्यंत मी कोळसा झालो.

"आता मागा पानी."

मी हात नळाखाली धरला. काही नाही. पुढं नेला, मागं घेतला, वर नेला, बोटं हलवली. जोडपं टाइल्स सोडून माझ्याकडं बघायला लागलं. मी हात थेट काचेला लावला, तेव्हा टक् झालं, आणि पाण्याखाली हात आणेपर्यंत पुन्हा टक्.

अण्णा म्हणाले, "अहो इकबालभाई, नळाची आणि तुमची कट्टी झाली काय?"

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. ती काळी भुकटी उजेड पिऊन टाकते. नळानं फेकलेला उजेड हातावर आपटतो, पण परत फारसा येतच नाही. वीतभर रेंज असती तर तेवढ्यानंही कदाचित भागलं असतं. मी ती चार बोटांवर आणलेली, तिथंही आणि दुकानातल्या ह्या नमुन्यालाही. म्हणजे कारखान्यात ऑफिसातल्या गोऱ्यागोमट्या, धुतल्या हातांना पाणी, आणि ज्याचे हात दिवसभर काळ्यात, ज्याला पाण्याची खरी गरज, त्याला ठणठणाट. आणि तपासायला गेलेला मी, सकाळी आंघोळ करून!

"तुम्ही साहेबांना हे दाखवलं नाही?" मी विचारलं.

"दाकवायला गेलतो. म्हनले, मिस्त्रीचा कागद हाय." तो स्टुलावर बसला. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "आमच्या आज्ज्याला गावच्या हिरीवर पानी शिवू देत न्हवते. आज्जा सांगायचा. पर तितं निदान आडवा माणूस उभा असायचा, त्येच्याशी भांडता यायचं. आता ह्या नळाशी मी काय भांडू? अर्धा तास जेवनाची सुट्टी. त्यातली पंधरा मिंटं त्येच्यापुढं हात धरून उभा. शेजारी हापिसातला कारकून आला, हात धरला, धुतला, गेला. मग मारली बुक्की. मारली न्हाय म्हनत न्हाय मी."

अण्णांनी चहा मागवला. मी काळ्या हातांनी तसाच उभा होतो. धुवायचे कुठं हाही प्रश्नच होता. शेवटी मागच्या मोरीत जुन्या तोटीवर जाऊन धुतले. वडिलांची फार आठवण आली.

संध्याकाळी अण्णांना म्हणालो, उद्या जाऊन अहवाल मागं घेतो. अण्णांनी गल्ल्यावर बोटं वाजवली. "आपणच लिहिलेलं आपणच खोडायचं? नाव जाईल दुकानाचं."

"माझं जाईल. सही माझी आहे."

"जावा मग," अण्णा म्हणाले. "आणि जाताना ती काळी पुडी आणखी मागून घ्या कांबळेकडनं. नुसत्या तोंडानं त्यो साहेब ऐकायचा न्हाय."

अण्णा दुकानदार उगीच झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत पोचलो. कॅन्टीनबाहेर कामगार जमले होते. साहेब आले, आज शर्ट फिकट निळा. मी सांगितलं की चूक माझी आहे, नळाला काळे हात दिसत नाहीत. ते म्हणाले, "नळाला काय डोळे असतात?" मी म्हणालो, असतात, दोन. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. तेव्हा मी पुडी काढली.

"साहेब, एक मिनिट हात द्या."

नाही म्हणायला त्यांना जागाच नव्हती, कारण तोपर्यंत दीडशे डोळे आमच्याकडं लागले होते. त्यांनी बाह्या दुमडल्या. मी भुकटी चोळली, अगदी मनापासून. मग साहेब पहिल्या नळाकडं गेले. काही नाही. दुसऱ्याकडं. काही नाही. तिसऱ्याखाली त्यांनी हात जोरजोरात हलवले, चौथ्याखाली उलटे धरले. पाचव्यापुढं ते नकळत वाकले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, तुमी हितं हायसाच न्हाय की!" आणि सगळं कॅन्टीन हसून फुटलं. त्यातच साहेबांच्या खिशातला फोन वाजायला लागला. काळे हात वर धरून साहेब तसेच उभे. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला.

एका कामगारानं त्यांना बाजूला नेलं. भिंतीमागं पाण्याचं पिंप आणि प्लॅस्टिकचा मग होता. "आमी म्हैनाभर हितंच धुतोय, साहेब," तो म्हणाला. साहेब उकिडवे बसले, त्यानं वरून पाणी घातलं. साबणाचे तीन हात झाले तरी नखांतलं काळं गेलं नाही. साहेब नखांकडं बघत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "कांबळेला उद्यापासून बोलवा."

हे मात्र त्यांचं मानलं पाहिजे. काही साहेब हात पुसून विषय बदलतात.

मी दोन दिवस तिथंच होतो. रेंज वाढवली तर स्टीलच्या चमकेनं नळ आपोआप वाहायला लागले, कमी केली तर काळे हात दिसेनात. बेसिनमध्ये रबरी चटई टाकून पाहिली, थोडा फरक पडला. शेवटी साहेबांना स्पष्ट सांगितलं की ही जागा ह्या नळांची नाहीच. दोन ठेवा ऑफिसवाल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी, बाकी चार काढून पायानं दाबायचे बसवा. पाय कुणाचाही असो, कितीही काळा असो, वजन खोटं होत नाही. त्यांनी मान्य केलं. आपोआप नळाच्या मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं आपोआप नळ उपसून काढायचे, हे दुःख तुम्हाला नाही कळायचं.

चारही नळ बसवून झाले तेव्हा कांबळे मोल्डिंगमधून आला. हात कोपरापर्यंत काळे. पायानं दाबलं, भसकन पाणी आलं. तो सावकाश हात धुवत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "यशवंतराव, माझ्यामुळं घरी बसायला लागलं. माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्यो फारम कुटं हाय?"

मी पिशवीतून नवा फॉर्म काढला. त्याच्यासमोर, बेसिनच्या कडेवर ठेवून लिहिलं. 'आधीचा अहवाल रद्द. नळ काळे हात ओळखत नव्हते. वापरणाऱ्याचा दोष नाही. बसवणाऱ्याची चुक.' खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं हात पँटला पुसले, कागद लांब धरला आणि एकेक अक्षर वाचलं. मग माझ्याकडं परत केला.

"पावणं," तो म्हणाला, "चूकमदला चू दीर्घ असतोय. पोरगी मास्तरीण हाय माजी. आता हे तरी नीट लिवा."

मी ऱ्हस्वाचा दीर्घ केला आणि शेजारी पुन्हा एकदा सही केली.